जव्हारच्या धुक्यात हेडलाइटचा इतिहास

मंडळी, पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या घाटात धुकं उतरलं, की वाटतं, झगझगीत एलईडी टाकून घ्यावी. थांबा, आधी थोडा इतिहास बघू.

सुरुवातीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या गॅसवर जळायचे. मग वीज आली. १९७१ मध्ये एच-फोर हॅलोजन आला: एका बल्बमध्ये दोन तारा, डिपरच्या तारेखाली छोटी वाटी. त्या वाटीमुळे डिपरचा प्रकाश वर जात नाही. रिफ्लेक्टरही तारांच्या नेमक्या जागेवर बेतलेला. तिथे भलताच एलईडी बसवला, तर प्रकाश विखुरतो. धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत येतो आणि वळणावर समोरच्या एसटीचा ड्रायव्हर दिपतो.

म्हणून मी म्हणेन, गाडीला एच-फोर असेल तर ६०/५५ वॅटचाच चांगला बल्ब घ्या, रिलेसकट वायरिंग करा, भिंतीसमोर डिपर जुळवा. आणि धुक्यात अप्पर नको.