खड्ग आणि साधना : नांदेडची शस्त्रपरंपरा व जपानी झेनविचार

तलवार हे आध्यात्मिक साधनेचे माध्यम होऊ शकते, हा विचार निघाला की अभ्यासकांची दृष्टी प्रथम जपानकडे वळते. वस्तुतः मराठवाड्यातच, नांदेड येथे, गेली तीन शतके शस्त्र हे उपासनेच्या गाभ्याशी आहे. या दोन परंपरांत साम्य दिसते ते वरवरचे. त्यांच्यातील भेद अधिक उद्बोधक आहे.

सतराव्या शतकात झेन भिक्षू ताकुआन सोहो (१५७३-१६४५) यांनी शोगुनचे खड्गशिक्षक याग्यू मुनेनोरी यांना उद्देशून एक पत्ररूप प्रबंध लिहिला. प्रतिपक्षाच्या तलवारीवर, स्वतःच्या हातावर वा जयापजयावर मन कोठेही थांबता कामा नये, हे त्याचे सार. न थांबणाऱ्या या मनालाच ताकुआन 'अचल' म्हणतात. त्यांचा मूळ जपानी शब्द 'फुदो' हा संस्कृत 'अचल' याचाच पर्याय होय. नांदेडच्या तख्ताचे नावही 'सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब' असावे, हा निव्वळ योगायोग. त्यावरून काही सिद्ध करू पाहणे धाडसाचे ठरेल.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर (१७०७) बहादुरशाह दक्षिणेत उतरला, त्या काळात गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. येथेच माधोदास बैरागी हा बंदासिंग झाला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेल्या वास्तूच्या आतील दालनात, अंगीठा साहिब येथे, गुरूंची मानली जाणारी शस्त्रे जतन केलेली आहेत. संगतीला त्यांचे दर्शन घडविले जाते. दसरा व होळीच्या वेळी 'हल्ला महल्ला' निघतो. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे व अवजारे पुजणाऱ्या मराठी समाजाला यात परके असे काही वाटू नये. तथापि येथे शस्त्राचा अर्थ वर्षातील एका दिवसापुरता नाही. १६९९ मध्ये खालसा स्थापन झाला तेव्हा लोखंडी पात्रातील जल दुधारी खंड्याने ढवळूनच अमृत सिद्ध करण्यात आले; गुरू गोविंदसिंगांच्या वाणीत खड्गाला परमेश्वराचे रूप मानून वंदन केलेले आहे.

भेद नेमका येथे आहे. झेनच्या विचारात तलवार हे 'मी'पण नाहीसे करण्याचे साधन आहे. प्रश्न चित्ताच्या अवस्थेचा आहे. शस्त्र कोणावर व कशासाठी उचलावे, याचे उत्तर त्या अवस्थेतून मिळत नाही. मुनेनोरी यांनी १६३२ च्या आपल्या ग्रंथात एका दुष्टाच्या वधाने अनेकांना जीवन देणाऱ्या तलवारीची कल्पना मांडली, हे खरे. परंतु तो राज्यकर्त्याचा विचार आहे, ध्यानाची निष्पत्ती नव्हे. ही उणीव केवळ तात्त्विक राहिली नाही. विसाव्या शतकात जपानी झेन संस्थांनी साम्राज्यवादी युद्धाला दिलेला पाठिंबा ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ मध्ये सविस्तर उघड केला.

खालसा परंपरेत शस्त्राला प्रथम अट घातलेली आहे. सर्व उपाय खुंटल्यावरच तलवारीला हात घालणे न्याय्य, ही भूमिका 'जफरनामा' या औरंगजेबाला लिहिलेल्या फारसी पत्रात गुरू गोविंदसिंगांनी मांडली. त्यापूर्वी १६०६ मध्ये गुरू हरगोविंद यांनी मिरी व पिरी, अर्थात ऐहिक व पारमार्थिक सत्ता, यांच्या दोन तलवारी धारण केल्या होत्या. अशी अट असल्याने अतिरेक घडलेच नाहीत, असा दावा इतिहास करू देणार नाही. मात्र अतिरेकाचा न्याय करण्यास त्याच परंपरेत आधार सापडतो.

आधुनिक काळात दोन्हींचे रूप बदलले. १८७६ च्या बंदीने सामुराईंच्या कमरेची तलवार गेली आणि खड्गविद्या केंदोच्या रूपाने शाळांत शिरली. झेन व तलवार यांचे जे अभेद्य नाते आज गृहीत धरले जाते, ते जगभर रुजविण्यात डी. टी. सुझुकी यांच्या विसाव्या शतकातील इंग्रजी लेखनाचा वाटा मोठा आहे. इकडे काठी व ढालीचा गतका २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत गुणांवर खेळला गेला. नांदेडच्या हल्ल्यात मात्र तोच गतका आजही अरदास झाल्यावर, निशाणाच्या मागे चालत खेळला जातो, आणि तेथे गुण कोणी मोजत नाही.