पिवळे कार्ड, केशरी कार्ड

मोंढ्यात हमाली करणारा एक पालक अजून आठवतो. मुलगा माझ्या वर्गात होता. बापाच्या हृदयाची झडप खराब निघाली आणि "गुरुजी, तेवढा अर्ज लिहून द्या" म्हणत तो शाळेत आला.

तेव्हा राज्य सरकारची १९९७ साली सुरू झालेली जीवनदायी योजना होती. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी मदत मिळे. हेतू चांगला, पण आधी कागद, मग मंजुरी आणि मग शस्त्रक्रिया. दाखल्यांसाठी त्याच्या कितीतरी खेपा झाल्या. मंजुरीचा कागद आला तेव्हा तो राहिला नव्हता. तो कागद त्याच्या बायकोला मीच वाचून दाखवला.

पुढे ती योजना बंद करून तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपला जालना नव्हता. आपली पाळी आली २१ नोव्हेंबर २०१३ ला. आता पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड पुरे. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७२ प्रकारचे, तेही रोख पैसे न भरता. नंतर शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही घेतले. त्या चौदांत जालना होता. हा मान कोणाला हवा होता?

त्याच मुलाने पुढे आईचे ऑपरेशन करून आणले. मला म्हणाला, "सर, अर्ज लिहावाच लागला नाही. आरोग्यमित्राने कार्ड बघितलं." मी काही बोललो नाही. दोघांच्याही मनात एकच माणूस होता.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरची. २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर गेले आणि सगळ्याच कार्डधारकांना त्यात घेतले. म्हणजे आता आम्ही पेन्शनरसुद्धा आलो.

पाटी बदलली म्हणून कुरकुरणाऱ्यांतला मी नाही. जुनी योजना गेली ते बरेच झाले. पण एक योजना मिटून दुसरी उघडते तेव्हा ज्याची फाईल अर्ध्यावर असते त्याचे काय, हे आधी विचारावे. दुखणे शासन निर्णयाची तारीख बघून येत नाही.

प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १८९७ साली गेल्या. त्यांनी रोग्याला उचलण्याआधी कार्डाचा रंग विचारला नव्हता. पाटीवर फुल्यांचे नाव आहे, तेव्हा एवढे आठवले तरी पुरे.

आजही सकाळी कोणीतरी कागदांची पिशवी घेऊन दारात येते. "गुरुजी, आमचं नाव कोणत्या यादीत हाय?" मी चष्मा शोधतो.