लाकडी बैल, रेझिनच्या तोफा आणि अडगावची लढाई

वलगावावरून परतवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटच्या डोंगरात चढतो आणि गाविलगडाशी जाऊन पोहोचतो. मराठी वाचकाला वलगाव आठवते ते गाडगेबाबांमुळे; २० डिसेंबर १९५६ रोजी तिथेच, पेढी नदीच्या पुलाजवळ, बाबांनी देह ठेवला. पण या टापूला आणखी एक स्मृती आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील नागपूरकर भोसल्यांचा पराभव इथेच पुरा झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

ही लढाई आज पुन्हा खेळली जाते, हे वऱ्हाडात फारसे कुणाला ठाऊक नसावे. लघुप्रतिमांचे युद्धखेळ खेळणारे परदेशी शौकीन असई आणि अडगाव टेबलावर मांडतात. या खेळाचा वंश जुना आहे. प्रशियाच्या राइस्वित्झ पितापुत्रांनी तो लष्करी शिक्षणासाठी घडवला. मुलाने १८२४ मध्ये त्याची नियमावली प्रसिद्ध केली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ लिहून तो दिवाणखान्यात आणला. खरे युद्ध किती मूर्खपणाचे आहे हे कळायला असे खेळातले युद्ध पुरे, असेही त्यांनी त्यात सुचवले.

आज या खेळातील गाडे आणि तोफा पुष्कळदा रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या असतात. रबराच्या साच्यात द्रव रेझिन ओतून सुटे भाग काढले जातात. ते साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ करता येतो. प्लास्टिकचा नेहमीचा गोंद इथे चालत नाही. झटपट चिकटणारा गोंद लागतो आणि जड सांध्यात पितळेची बारीक तार घालावी लागते. रेझिनची भुकटी फुप्फुसांना अपायकारक असल्याने घासकाम पाण्यात, तोंड बांधून करायचे असते.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. युरोपातील मोहिमांसाठी काढलेल्या संचात तोफेला घोडे जुंपलेले असतात. अडगाव मांडायचे तर ते संच बदलावे लागतात, कारण दख्खनच्या मोहिमेतील तोफांना मुख्यतः बैल होते. वेलस्लीच्या फौजेची भिस्त बैलांवर होती. हैदर आणि टिपूंनी जोपासलेल्या, ‘अमृतमहाल’ नावाने प्रसिद्ध असलेल्या म्हैसूरच्या खिल्लारांचे मोल त्याने नीट ओळखले होते. फौजेचे धान्य वाहत होते ते बंजाऱ्यांचे तांडे, तेही बैलांच्या पाठीवर. म्हणून नमुना करणारा घोडे काढतो, सामानाचे पट्टे खरवडतो, धुरा लांबवतो, त्यावर आडवे जू बसवतो आणि शेजारी कासरा धरलेला हाक्या उभा करतो.

हा बदल केवळ दिसण्याचा नाही, तो इतिहासाचा अर्थ बदलतो. अडगावला सिरसोली गावाजवळ मराठ्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या जवळजवळ तीन पलटणी फुटून पळाल्या. त्या असईला उत्तम लढल्या होत्या. आपण जवळ नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे वेलस्लीने स्वतः लिहिले. त्या दिवसाच्या वर्णनांत तोफांचे बैल बिथरल्याचाही उल्लेख येतो. टेबलावर तोफेपुढे शिस्तीतले घोडे असतील, तर ही पळापळ केवळ भित्रेपणा वाटेल. बैल आणि त्यांचे हाके दिसले, म्हणजे प्रसंग कळू लागतो. गाविलगडाच्या वेळी तर स्टीव्हन्सनच्या तुकडीला रस्ता करत करत जड तोफा डोंगरातून बव्हंशी हातांनी ओढून न्याव्या लागल्या. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला, त्याचे नाव इतिहासात उरले. दोरखंडाला खांदा देणाऱ्यांची नावे कुणी टिपली नाहीत.

या कथेला वऱ्हाड-नागपूरकडची एक जोडकथा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, तो तान्हा पोळा. त्याची सुरुवात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये केली, असे परंपरा सांगते. तीन वर्षांपूर्वी याच राजाने देवगावच्या तहात कटक, बालासोर आणि वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख गमावला होता. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचे कारण नाही. तरीही पराभूत दरबाराच्या नावाशी लोकांनी जोडून ठेवलेली वस्तू तोफ नव्हे, चाकांचा बैल आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि चाकांचा बैल इथे नवाही नाही. १९७४ मध्ये दायमाबादला सापडलेल्या, हडप्पा काळाच्या अखेरीच्या मानल्या जाणाऱ्या काशाच्या रथालाही दोन बैलच जुंपलेले आहेत.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना खेळातून इतिहास शिकवावा लागत नाही, तो त्यांना येतच असतो. त्यांच्या रायगडाशेजारी एखादा गाविलगड उभा राहावा आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तिथे तोफेला जुंपला जावा. वऱ्हाडात १८०३ साली काय घडले आणि ते कुणाच्या खांद्यांवरून घडले, हे सांगायला रेझिनच्या संचाचीही गरज पडणार नाही.