उत्तर पुस्तकाच्या शेवटी नसते तेव्हा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेत शाळांच्या नावाने ओरड सुरू झाली. आपली मुले विज्ञानात मागे पडली, असे जो तो म्हणू लागला. सरकारी पैसा शाळांकडे वळला. एमआयटीमध्ये १९५६ पासूनच भौतिकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाचे काम चालू होते, त्याला जोर चढला. पाठोपाठ गणित, रसायन, जीवशास्त्र यांचीही पुस्तके नव्याने लिहिली गेली.

या धामधुमीत एक गोष्ट मात्र राहून गेली. पुस्तके निसर्गाचे नियम सांगत होती. पण पूल, टेलिफोन, लिफ्ट, चौकातले सिग्नल या माणसाने घडवलेल्या वस्तूंमागचा विचार शाळेत शिकवला जात नव्हता. ब्रुकलिन पॉलिटेक्निकचे जॉन ट्रक्सल आणि बेल प्रयोगशाळेचे एडवर्ड डेव्हिड या दोन अभियंत्यांनी १९६०च्या दशकात ही उणीव भरून काढायचे ठरवले. त्यांच्या प्रकल्पातून आलेले ‘द मॅन मेड वर्ल्ड’ हे पाठ्यपुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांना इंजिनिअर करणे हा त्याचा हेतू नव्हता. ज्याला पुढे विज्ञान शिकायचे नाही, त्यालाही यंत्रयुग समजावे, एवढीच अपेक्षा होती.

पण हे शिकवणार कोण? विज्ञानाचे आणि गणिताचे शिक्षक. त्यांना आधी स्वतः विद्यार्थी व्हावे लागले. सुट्टीतल्या वर्गांत ते निर्णय कसा घ्यावा, प्रतिकृती कशी मांडावी, फीडबॅक म्हणजे काय, हे शिकले. फीडबॅक शब्द अवघड वाटतो, पण आपल्या गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा तेच काम करतो. पाणी चढले की तोच नळ बंद करतो.

साधनेही साधी होती. बेल प्रयोगशाळेने १९६८ मध्ये शाळांसाठी ‘कार्डिॲक’ नावाचा चक्क पुठ्ठ्याचा संगणक काढला. त्यात वीज नव्हती. विद्यार्थ्याने पट्ट्या सरकवायच्या, पेन्सिलीने आकडे लिहायचे आणि खोडायचे. संगणक एकेक पायरीने कसा चालतो, ते हातानेच कळे.

खरी अडचण वेगळी होती. लंबकाच्या गणिताला एकच उत्तर असते आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. चौकातला हिरवा दिवा किती सेकंद ठेवावा, याला तसे उत्तर नाही. गाड्यांची सोय पाहिली तर पायी चालणारा खोळंबतो. तिथे शिक्षकाला वर्गासमोर ‘चला, मिळून ठरवू’ असे म्हणता यावे लागते. अचूक उत्तर देण्यावरच ज्याचा मान उभा असतो, त्याला हे सोपे नसते.

पुढे वारे फिरले. १९७५च्या सुमारास सरकारी पैशांवरच्या एका समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमावरून अमेरिकी संसदेत वादळ उठले आणि अशा प्रकल्पांना ओहोटी लागली. १९८०च्या दशकाच्या आरंभी शिक्षणावरचा निधी आणखी आटला. २०१३ साली मात्र तिथल्या नव्या विज्ञान शिक्षणाच्या आराखड्यात अभियांत्रिकीला पुन्हा विज्ञानाच्या शेजारी बसवण्यात आले.

पुस्तक वर्षभरात बदलता येते. शिक्षकाची सवय बदलायला त्याला वेळ द्यावा लागतो, आणि चुकायची मुभाही द्यावी लागते. अभियांत्रिकी साक्षरतेचा खर्च मोजताना ही बाब बहुधा हिशेबातच धरली जात नाही.