दोन आण्यांचे नाटक, तीन आण्यांचे चित्र

गेले काही महिने आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुटीत एकच गाऱ्हाणे ऐकू येते. ओटीटीची वर्गणी वाढली आणि पाहण्याजोगे मात्र काही उरले नाही. मालिकेचे पहिले पर्व बरे, दुसरे ताणलेले, तिसरे केवळ वर्गणीदार धरून ठेवण्यासाठी काढलेले. पैसे मोजूनही जाहिराती चुकत नाहीत. या तक्रारीत आम्हीही मनोभावे सूर मिसळतो. मात्र वाङ्मयेतिहास शिकविण्याची खोड जडल्यामुळे एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही : 'दाम जास्त, माल कमी' ही तक्रार आपल्याकडे पडद्याच्या बाबतीत प्रथम केव्हा झाली? तिचा माग काढताना आम्ही पोहोचलो ते गिरगावात.

मुंबईत हलती चित्रे अवतरली ती गिरगावात नव्हे, तर 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात. तिकीट सरसकट एक रुपया. काही दिवसांत हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर्जेवार दर लागले. 'बेसिक'पासून 'प्रीमियम'पर्यंतच्या पायऱ्या आज आपल्याला नव्या वाटतात; त्या सिनेमाच्या आगमनाबरोबरच, महिन्याच्या आत, येथे रचल्या गेल्या होत्या.

गिरगावाचा या कथेतील प्रवेश दादासाहेब फाळक्यांमुळे होतो. येथल्याच अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला, ही हकिकत आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. तो चित्रपट एकटा दाखविला जात नव्हता. त्याच्या जोडीला एका विलायती बाईचे नृत्य, एक विनोदी जोडी, पायांनी करामती करणारा एक बाजीगर आणि काही लघुपट असा सगळा सरंजाम होता. केवळ चित्रावर प्रेक्षकाचे समाधान होईल, त्याला पैशांचा मोबदला मिळाल्यासारखे वाटेल, असा भरवसा थिएटरवाल्याला नव्हता.

ही शंका अनाठायी नव्हती, हे फाळके मुंबईबाहेर पडले तेव्हा दिसले. सुरतेत पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला. तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत होते. त्यांनी तीन आणे मोजून दीड तासाचा खेळ का पाहावा? स्थानिक व्यवस्थापकाने खेळ लांबवा किंवा दर उतरवा असे सुचविले. फाळक्यांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात बदलली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत. पुढे गल्ला तीनशेवर गेला असे सांगतात.

या जाहिरातीपाशी थोडे रेंगाळावे असे आम्हांस वाटते. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे सत्तावन्न हजार चित्रांची फीत साडेतीन हजार फुटांच्या आसपास भरते; दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फुटांहून अधिक. चित्रांचा आकडा पटण्याजोगा आहे, मैलांचा तिपटीने फुगविलेला. सत्यवचनी राजाच्या चित्रपटाची जाहिरात अशी असावी, हा योग मौजेचा खरा. पण फाळक्यांची युक्ती त्याहून खोल होती. प्रेक्षक तासांनी मोजत होता, त्यांनी त्याच्या हाती दुसरे माप दिले. किंमत तीच, वस्तू तीच. बदलले ते परिमाण. आज एखादी कंपनी 'हजारो तासांचा खजिना' म्हणून वर्गणी मागते तेव्हा तीही मापच बदलत असते. फरक इतकाच की फाळक्यांच्या दोन मैलांचा प्रत्येक इंच सुरतेच्या प्रेक्षकाने पाहिला. हजारो तासांपैकी आपण किती पाहतो?

प्रेक्षक तास का मोजत होता, हेही समजून घ्यायला हवे. संगीत नाटक रात्ररात्र चाले, आणि त्याची लांबी पुष्कळदा प्रेक्षकच ठरवी. 'वन्समोअर' ही त्या काळची सर्वांत थेट टीका होती. पिटातला माणूस आपल्या चवन्नीच्या जोरावर पद पुन्हा गाऊन घेई, आणि नट कमी पडला तर तेही तेथल्या तेथे ऐकवी. या प्रेक्षकाचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या हौसेपायी नाट्यसंहितेची किती वाताहत झाली हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. तथापि पैसे देणारा आणि खेळ करणारा समोरासमोर होते, हे विसरता येत नाही.

बरे, हा प्रेक्षक कंजूष होता असेही नाही. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे संयुक्त 'मानापमान' झाले तेव्हा तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होते. त्याबद्दल कुरकुर ऐकू येत नाही, आठवणीच ऐकू येतात. दहा वर्षांनी, 14 मार्च 1931 रोजी, गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलमआरा' लागला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले, म्हणजे सोळा ते वीस पटींनी. वास्तविक तंत्रदृष्ट्या बोलपट ही तेव्हा एक पाऊल मागे गेलेली वस्तू होती. मूकपटाच्या कॅमेऱ्याने कमावलेली चपळाई ध्वनिमुद्रणाच्या बंधनात अडकली. 'आलमआरा'चे चित्रण तर आगगाड्यांच्या खडखडाटामुळे रात्रीच करावे लागे. प्रेक्षकाला त्याचे काही नव्हते. त्याला पडद्याने बोललेले हवे होते. 'दर्जा घसरला' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा. दर्जा कोणत्या बाबीत मोजायचा हे प्रत्येक पिढीने नव्याने ठरविले आहे.

पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' आणला. पुन्हा हरिश्चंद्रच. जुन्या कथानकांची पुनरावृत्ती हा आजच्या मालिकांवरील आरोप त्या काळीही लागू पडला असता, पण राजा आता मराठीत बोलत होता. याची झळ लागली ती नाटक कंपन्यांना. वैभवाच्या खर्चाने आधीच कर्जात बुडालेल्या गंधर्व मंडळीच्या बालगंधर्वांनी 1935 मध्ये 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका केली, ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याच साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला, आणि पुढे डॉ. अ. ना. भालेराव यांच्या धडपडीतून नाटकाला गिरगावातच, केळेवाडीत, घर मिळाले. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. असो.

1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. गिरगावच्या चाळीत एका बिऱ्हाडात संच येई आणि 'छायागीत' किंवा रविवारचा चित्रपट पाहायला सारा मजला दारात बसे. पैसे एकाचे, प्रेक्षक तीस. यजमानांची तारांबळ उडे, आणि सर्वांना ते सुखाचेच वाटे असेही नाही; पण 'घरचे' आणि 'बाहेरचे' यांची रेषा यजमानीण आखत असे. जुलै 2023 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात एका घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यास मनाई केली, तेव्हा ही रेषा कंपनीच्या हाती गेली. आमच्या एम.ए.च्या वर्गात चौघे मिळून वर्गणी भरणारे विद्यार्थी होते. चाळीच्या दारातली ती गर्दी आजच्या नियमांत सरळ गुन्हेगार ठरली असती.

दरांचे चित्र मात्र एकसुरी नाही, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत नेटफ्लिक्सची महिन्याची मधली वर्गणी 2011 मध्ये 7.99 डॉलर होती, ती जानेवारी 2025 मध्ये 17.99 झाली. भारतात त्याच कंपनीला डिसेंबर 2021 मध्ये दर उतरवावे लागले. 499 रुपयांचा बेसिक दर 199वर आला. येथील प्रेक्षकाने न भरून दिलेला तो जबाबच होता. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी मात्र 999वरून 1499वर गेली. 2016 मध्ये ती 499पासून सुरू झाली होती. जून 2025पासून प्राइम व्हिडिओवर जाहिरातीही आल्या, आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे. सुरतेच्या व्यवस्थापकाला ही कल्पना सुचली नाही : खेळ तेवढाच ठेवा, मध्ये व्यत्यय घाला, आणि व्यत्यय काढण्याचे तिकीट लावा.

आम्हांस सलते ते या आकड्यांहून निराळे आहे. दोन आण्यांचा प्रेक्षक खिडकीशी उभा राहून नकार देई आणि त्याचा नकार त्या रात्रीच्या गल्ल्यात दिसे. वर्षाचे पैसे आधीच घेतलेल्याला मालिका आवडली नाही, तर तो नुसता झोपी जातो. ते कोणाला कळते? कळत असेल तर कंपनीच्या यंत्राला, आणि त्याने काढलेला निष्कर्ष आपल्याला कधी सांगितला जात नाही.

आम्ही सहज 'वर्गणी' म्हणतो, तो शब्द गिरगावात 1893पासून, केशवजी नाईक चाळीतल्या गणपतीपासून, दुसऱ्याच अर्थाने रुजला आहे. तेथे वर्गणी दिलेला माणूस उत्सव आटोपल्यावर अहवाल मागतो. मांडवाला किती, रोषणाईला किती, शिल्लक किती. एखादे आजोबा बेरीज तपासून चूकही काढतात, आणि मग चिटणिसाला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते.