शब्दवेध : प्रमाण

सेलूच्या बाजारातला कापसाचा भाव व्हॉट्सॲपवर कळवताना ‘भाव’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा (*) टाकला, की तो ठळक उमटतो. तोच मजकूर मार्कडाउनमध्ये नेला तर शब्द तिरपा होतो. ठळक करायला तिथे दोन-दोन तारे लागतात.

मार्कडाउन ही मजकुराला रूप देणाऱ्या खुणांची पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली. नियम सैल होते, म्हणून ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आदींनी काटेकोर नियमावली केली आणि तिला ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ म्हटले. ग्रुबर यांनी नावालाच हरकत घेतली. शेवटी नाव ठरले ‘कॉमनमार्क’.

‘स्टँडर्ड’ला आपण ‘प्रमाण’ म्हणतो. त्यातला संस्कृत धातू ‘मा’ म्हणजे मोजणे. माप, मात्रा, परिमाण ही त्याच कुळातली. आमच्या मराठवाड्यात ‘तुम्ही म्हणता त्यापरमानं’ म्हणतात, तेही याच शब्दाचे रूप. पण ‘गुरुवचन प्रमाण’ म्हणताना मोजणे मागे पडते आणि ज्याचा शब्द मानायचा तो पुढे येतो. मार्कडाउनच्या त्या वादात हेच दोन अर्थ समोरासमोर होते: कर्त्याचा शब्द प्रमाण, की सर्वांना सारखे लागू पडणारे माप? मी मापाच्या बाजूचा आहे. मात्र पायली तीच असली, तरी ज्वारी शिगोशीग भरायची की हात फिरवून सपाट, हे आधी बोलून घ्यावे लागते.