फेझची पेठ आणि तेथील कातडी कमावणारे

मोरोक्कोतील फेझ शहराची जुनी पेठ पाहावयास जाणाऱ्या पाहुण्यास वाटाड्या एका दुकानाच्या गच्चीवर नेतो व हाती पुदिन्याची डहाळी देतो. ती नाकाशी धरून खाली पाहावयाचे. खाली शुआराचे आवार : पोळ्याच्या घरांसारखी दगडी कुंडे, काही पांढरी, काही तांबडी, आणि त्यांत मांड्यांपर्यंत उतरलेली माणसे. आम्हीही डहाळी घेतली. वास खरोखरच सोसवत नाही. परंतु तो वास कशाचा, हे विचारल्याखेरीज या पेठेचा इतिहास हाती लागत नाही.

पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. चुन्याने केस सुटतात, विष्ठेने कातडे मऊ पडते, मग रंग. युरोपातील ग्रंथांना ज्या ‘मोरोक्को’ चामड्याची बांधणी मोठ्या मानाची समजली जाई, त्याची कीर्ती अशाच कुंडांतून निघाली.

शहराचा पाया इ. स. ७८९ मधला. पुढच्या शतकात कॉर्दोबा व कैरवान येथून निर्वासित आले. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी हिने करवीयीन मशीद बांधविली, असे परंपरा सांगते. मशिदीभोवती अत्तरे, मसाले आणि ग्रंथ. पाणी लागणारे, घाण करणारे धंदे नदीकाठी. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही. माल खेचरांवरून जातो आणि हाकणारा ‘बालक, बालक’ ओरडतो. मराठी कानाने मूल शोधू नये. ‘सांभाळा’ एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक धंद्याचा एक अमीन असे, आणि बाजारावर वजनमापे व भाव तपासणारा मुहतसिब. या व्यवस्थेत सारे गुण्यागोविंदाने नांदत, असे पुष्कळदा लिहिले जाते. कामगारांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस ते पटत नाही. अमीन हा उस्तादांपैकी असे. कुंडात उभा राहणारा रोजंदार अमीन होत नसे.

आणि गुण्यागोविंद असता, तर १८७३ घडले नसते. १८५९-६० च्या युद्धात स्पेनने मोरोक्कोस हरवून दोन कोटी दुरोंची खंडणी लादली. ती फेडण्यास वेशींवर आणि बाजारांत जकाती बसल्या, कातड्यावरही बसली. युद्ध सुलतानाचे, कर्ज चांभारकुंडाचे! सुलतान मुहम्मद १८७३ मध्ये वारला, मुलगा हसन गादीवर आला. तोच मुहूर्त धरून फेझच्या कातडी कमावणाऱ्यांनी जकात उठविण्याची मागणी केली. मागणी फेटाळली गेली, तेव्हा ते उठले आणि वसुलीचा धनाढ्य अधिकारी बेन्नीस याचा वाडा लुटला गेला. सुलतानी फौजेने बंड मोडले. आमच्या वाटाड्याने ८५९ सांगितले, युनेस्कोने पेठेस जागतिक वारसा ठरविल्याचे १९८१ सालही सांगितले. १८७३ सांगितले नाही.

१९१२ मध्ये फ्रेंच संरक्षणाचा तह झाला, तो फेझमध्येच. नव्या राज्यात १९३६ साली युरोपीय कामगारांना संघ काढण्याची मुभा मिळाली. मोरोक्कन कामगाराने संघात जाणे १९३८ पासून गुन्हा ठरले. जुना अमीन मात्र सरकारास खपत होता! बंदी असूनही माणसे संघांत गेलीच, आणि २० मार्च १९५५ रोजी मोरोक्कन कामगारांचा स्वतःचा महासंघ उभा राहिला. स्वातंत्र्य त्यानंतर वर्षभराने, मार्च १९५६ मध्ये, आले. पुढे १४ डिसेंबर १९९० रोजी कामगार संघांनी देशभर संप पुकारला, तेव्हा सर्वांत मोठा भडका याच शहरात उडाला. सैन्य आले, आणि फेझच्या रस्त्यांवर माणसे मेली.